शांततेची हाक

वसमतच्या मोंढ्यात हळदीची बोली पुकारणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी मोबाइलवर ऐकलं, घरात शांतता हवी. तेव्हापासून संध्याकाळची मगरिबची नमाज झाली की मोंढ्यातल्याच आवाजात ते घरच्यांना शांत करतात. "दस्तरखान बिछाओ! आहिस्ता बोलो!" एवढी शांतता होते की गल्लीतली कुत्री उठून बसतात आणि त्याच हाकेवर माझी बायको पाण्याची मोटार बंद करते.

काल हाक आलीच नाही. टाकी भरून वाहू लागली, तरी ही हाकेची वाट बघत बसली. मीच शेजारी धावलो. त्यांचा घसा बसला होता. सगळे हात धुऊन दस्तरखानाभोवती चिडीचूप बसलेले, पण हाकेशिवाय घास कोणी घेईना.

सूनबाई म्हणाली, "काका, अब्बांचा आवाज न्हाई निघून राहिला. तुमीच वरडा की!"

मी ओरडलो, "आहिस्ता बोलो!"

बिस्मिल्ला म्हणून सगळ्यांनी घास उचलला. पलीकडे आमची मोटार बंद झाली.