सुतक न पाळणारं घर

वडील गेले तेव्हा आम्ही त्यांना लिंगायतांच्या रीतीनं बसवलं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, मांडी घातलेली, पाठीला भिंतीचा आधार. असंच बसवून आमच्यात मूठमाती देतात. मी शिकवते त्या शाळेतल्या एक बाई दर्शनाला आल्या होत्या. दारातच शेजारणीला म्हणाल्या, "असं बसवतात? कसंतरीच वाटतं की बघायला." मी ऐकलं. पण वडिलांचा हात सारखा मांडीवरून घसरत होता, तो मी परत ठेवत होते.

आमच्यात सुतक पाळत नाहीत. पाचव्या दिवशी मी शाळेत गेले. मधल्या सुट्टीत जेवायला बसले, तशा त्याच बाई आपला डबा घेऊन पलीकडच्या टेबलावर गेल्या.

"राग मानू नका, पण तेरा दिवस तरी घरी थांबायचं की."

"आमच्यात विटाळ मानत नाहीत."

"मग दुःख तरी होतं का तुम्हाला?"

पंधरा वर्षं शेजारी बसून जेवलेली बाई. चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता, आणि हिला माझ्या दुःखाचा पुरावा हवा होता.

"तुमच्यासमोर रडून दाखवू का?" मी म्हणाले. आवाज चढला होता. मुख्याध्यापक म्हणाले, "जाऊ द्या, मॅडम." प्रत्येक वेळी मीच का जाऊ द्यायचं? त्या बाईंशी मी आजही कामापुरतंच बोलते.

तशीच धुमसत घरी आले. मंगळवेढ्याहून आलेली आत्या दारात बसली होती. आमच्या गल्लीतले एक तेलुगू विणकर आजोबा त्या दिवशी गेले होते. त्यांची अंत्ययात्रा आमच्या दारावरून चालली होती. पुढं हलगी वाजत होती, लोक फुलं उधळत होते.

आत्या म्हणाली, "मयताला वाजवत नेत्यात. लगीन हाय का हे?"

"आत्या, आपल्याला कुणी असं म्हटलं तर चालेल का गं?" मी ओरडलेच.

तिचे डोळे भरले. "माझा भाऊ गेलाय. माझ्यावर कशाला वरडतीस?"

तेही खरं होतं. पण मला माफी मागवेना. चपला घालून मी त्या अंत्ययात्रेमागं निघाले. आजोबांची मुलगी हलगीच्या आवाजातही ऐकू येईल इतक्या मोठ्यानं रडत होती. मी तिचा दंड धरला आणि नाक्यापर्यंत तिच्याबरोबर चालले.