कोमट धार

फोन आला तेव्हा मी कूलरमध्ये पाणी भरत होते. अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या घरी उन्हाळ्यात हे काम माझ्याकडेच असतं. टाकी भरली की पंपाचं पाणी जाळ्यांवर नीट पडतंय ना, हे मी कान देऊन ऐकते. ज्या माणसाने मला ही सवय लावली तो गेला, हे सांगायलाच तो फोन होता. पलीकडून लाँचवरचे रफिकभाई म्हणाले, "बाई, वसंताभाऊ गेले. अकोल्याच्या एसटी स्टँडवर. बाकड्यावर बसल्या बसल्या…" जन्मभर पाण्यावर राहिलेल्या माणसाने अशा रखरखीत जागी जावं, याचा मला दुःखाच्या आधी रागच आला. टाकी भरून पाणी फरशीवर आलं तरी मी नळी धरून तशीच उभी होते.

वसंताभाऊ आमच्या धरणावरच्या लाँचचे चालक. धरणाच्या पलीकडे जी गावं उरली त्यांतल्या एका गावात माझी शाळा होती. सडकेने गेलं तर सगळं धरण वळसा घालून जावं लागे, म्हणून आम्ही सगळे लाँचनेच जायचो. अमरावतीहून येणारी माझी एसटी वेळेवर कधी आली नाही, त्यामुळे चांगल्या जागा आधीच भरलेल्या असत आणि माझ्या वाट्याला यायची ती इंजिनाच्या पेटीशेजारची फळी. तिथे बसायचं तर काम करावं लागे. वसंताभाऊ सुकाणूवरून ओरडत, "बाई, धार पडून राहिली का पाहा." बोटीचं इंजिन खालून धरणाचंच पाणी ओढतं, एक छोटा पंप ते पाणी इंजिनाच्या अंगाभोवती फिरवतो आणि तापलेलं पाणी बाजूच्या नळीतून बाहेर पडतं. ती धार जाड असली की सगळं ठीक. बारीक झाली, थुंकल्यासारखी पडू लागली की इंजिन तापणार. एवढं शास्त्र मला त्या फळीवर बसून आलं, आणि धार बघता बघता वह्याही तपासता येऊ लागल्या.

माणूस फार गुणाचा होता असं आता सगळे म्हणतात. गुणाचा होताच, पण महा हेकट आणि बढाईखोरही होता. उष्णता दाखवणारा काटा कधीचाच बिघडला होता. तो नवा बसवायचा सोडून हे नळीखाली तळहात धरत, पाणी किती गरम आहे ते बघत आणि त्याच ओल्या हाताने तोंड पुसत. म्हणत, माझा हात आहे तोवर काटा कशाला. एका उन्हाळ्यात त्यांनी इंजिनातला थर्मोस्टॅट काढून फेकला. इंजिन पुरतं तापेपर्यंत पाण्याला अडवणारी ती झडप. वऱ्हाडात पाणी अडवून इंजिन तापवायची गरजच काय, असं त्यांचं म्हणणं, आणि ऐकणाऱ्या सगळ्यांना ते पटलंही, कारण आमच्याकडे उन्हाळ्यात माणसंच शिजतात. मग हिवाळा आला. इंजिन काही केल्या गरम होईना, पांढरा धूर सोडू लागलं, आणि बाजाराला निघालेल्या बाया पदर नाकाला लावून त्यांना शिव्या घालू लागल्या. ते डिझेलला दोष देत राहिले. शेवटी त्यांच्या सुटीच्या दिवशी लाँच चालवणाऱ्या रफिकभाईंनी गुपचूप नवी झडप बसवली. धूर थांबला आणि त्याचं श्रेय वसंताभाऊंनी अगदी निर्लज्जपणे घेतलं. आम्ही हसायचो. आता तो पांढरा धूरही हवासा वाटतो.

एका बाबतीत मात्र त्यांच्याशी कोणी थट्टा करत नसे. धरणाच्या मधोमध, पाण्याखाली, त्यांचं गाव आहे. घरं, वाटा, विहिरी, सगळं. ती जागा आली की बाया बोलायच्या थांबत, एखादी म्हातारी हात जोडे. वसंताभाऊ मात्र तिथे कधीच वेग कमी करत नसत, उलट वाढवत, आणि नजर समोरच्या काठावर ठेवत. एकदा एका बाईने तिथे झेंडूचा हार पाण्यात सोडला तर ते एवढे कडाडले की ती रडायला लागली. फुलं खालच्या जाळीत अडकतात, पाणी बंद होतं, इंजिन जळतं, हे त्यांचं कारण खोटं नव्हतं. पण मी माळ्यांच्या मळ्यांत फुलं तोडत वाढलेली बाई. एवढ्या रागाला फुलं पुरत नाहीत हे मला कळत होतं. बाकीचे उतरल्यावर मी विचारलं. त्यांनी दोर गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "खाली आमचा मळा हाय, बाई. झेंडूच झेंडू होता. आता वरून दोन फुलं टाकून कोनाले काय सांगाचं?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

ते गेल्यावर मला ती धार सगळीकडे ऐकू येऊ लागली. स्वयंपाकघरात नळ चालू असला की वाटे, बारीक झाली. दुपारी वीज जाऊन कूलर थांबला की मी दचकून उठून बसे आणि कुणीतरी पाठीमागून विचारतंय असं वाटे, बाई, धार पडून राहिली का? मी बौद्ध घरातली, भुताखेतांवर विश्वास नसलेली. तरी मान वळवून बघत असे.

अस्थी धरणातच सोडायच्या, गावावर, असं त्यांच्या आईने ठरवलं. माय खूप थकलेली, पण कोणाचा हात न धरता लाँचमध्ये चढली. सुकाणूवर रफिकभाई, भावकीतली चार माणसं आणि माझ्या फळीवर मी. मायच्या मांडीवर अस्थींचं गाडगं, परडीभर झेंडू आणि अकोल्याहून परत आलेली वसंताभाऊंची कापडी पिशवी. अर्धं धरण ओलांडलं आणि मी सवयीने बाहेर पाहिलं तर धार दोरीएवढी झाली होती. मग ती थुंकू लागली. मग नुसती वाफ. मी रफिकभाईंना हाक मारली आणि त्यांनी वेग उतरवून इंजिन बंद केलं. इतकी शांतता त्या पाण्यावर मी कधी ऐकली नव्हती. आम्ही बरोबर गावावर होतो.

"थांबला," माय म्हणाली. "इथं कधी थांबत नोयता."

कुणीतरी पुटपुटलं, त्यांना फुलं चालत नाहीत, म्हणून. माझ्याही मनात तेच आलं, खोटं कशाला सांगू. फुलं तर अजून परडीतच होती. रफिकभाईंनी पाण्याची चावी बंद केली आणि जाळी उघडली. जाळी स्वच्छ होती. मग त्यांनी पंपाचं झाकण काढलं. आत एक रबरी चक्र असतं, इंपेलर, त्याच्या पाकळ्या पाणी पुढे ढकलतात. त्यातल्या कितीतरी पाकळ्या तुटल्या होत्या. "हेच आनाले अकोल्याले गेल्ते ते," रफिकभाई म्हणाले. तिथला एक रबरवाला असं चक्र साच्यात बनवून देत असे. बोलता बोलता त्यांचं लक्ष मायच्या परडीकडे गेलं. झेंडूच्या मधोमध एक काळं रबरी फूल ठेवलेलं होतं. त्यावर हळदीकुंकू होतं.

पिशवीत ते सापडलं तेव्हा मायला ते काय आहे कळलं नव्हतं. पोराजवळ शेवटी होतं म्हणून तिने ते फोटोपुढे ठेवलं, रोज पुजलं आणि आज त्याच्यासोबत पाण्यात सोडायला आणलं. मागायची हिंमत रफिकभाईंना होईना. ऊन चढत होतं, वारा आम्हाला खडकाळ काठाकडे ढकलत होता आणि दुसरी बोट धरणात नव्हती. शेवटी मीच मायपुढे बसले आणि ते काय आहे, कशाला लागतं, सगळं सांगितलं. तिने ते पदराखाली घेतलं.

"मंग मी त्याले काय देऊ, बाई?"

मी तिचा हात धरून बसले. रफिकभाई तेवढ्यात तुटलेल्या पाकळ्या शोधत होते. एकही तुकडा आत राहिला तर पुढे जाऊन पाणी अडवतो, म्हणून सगळे तुकडे सापडल्याशिवाय झाकण लावायचं नाही, हा वसंताभाऊंचा नियम होता. आकड्याने नळी चाचपत ते एकेक तुकडा काढून फडक्यावर मांडत होते आणि मोडलेल्या चक्राशी जुळवून बघत होते. माय ते सगळं पाहत होती. शेवटचा तुकडा जुळला तेव्हा तिनेच विचारलं, "झालं सारं त्याचं गोळा?" रफिकभाईंनी होकारार्थी मान हलवली. तिने पदराखालचं चक्र काढून त्यांच्या हातात दिलं. ते कुंकू पुसायला गेले तर म्हणाली, राहू दे.

साबणाचं बोट लावून, पाकळ्या एका बाजूला वळवून त्यांनी ते बसवलं, झाकण लावलं आणि पाण्याची चावी उघडली. इंजिन दोनदा खोकलं आणि चालू झालं. सगळ्यांचे डोळे नळीवर. आधी हवा, मग थेंब, मग पहिल्यासारखी जाड धार. माय सरकत सरकत बोटीच्या काठाशी आली. मी तिला कमरेला धरलं. तिने तळहात धारेखाली धरला आणि तसाच ठेवला. इंजिनाच्या आवाजात ती माझ्या कानाशी बोलत होती. मळ्यातल्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. त्याच्या नळीतूनही असंच कोमट पाणी पडे, आणि थंडीच्या दिवसांत वसंता शाळेत जायच्या आधी त्याच पाण्याने तोंड धूत असे. बोलावलं तरी तिथून हटत नसे.

मग तिने अस्थी सोडल्या, आणि त्यांच्यामागून फडक्यातले ते मोडके तुकडे. परडी मात्र मांडीवरच राहिली. भावकीतल्या एकाने फुलांची आठवण करून दिली तेव्हा ती म्हणाली, "नको. जाळीत जातीन."

परवा मी पुन्हा धरणावर गेले होते. शाळेतली नोकरी संपल्यापासून पलीकडे माझं काहीच काम नाही, तरी लाँचमध्ये बसले. इंजिनाशेजारच्या फळीवर माय होती. रफिकभाई म्हणाले, बाजाराच्या दिवशी येते, पलीकडे उतरत नाही, तशीच परत जाते. मी जवळ जाऊन उभी राहिले. तिने मला जागा काही दिली नाही. हात धारेखाली होता, नजर समोरच्या काठावर.

"कोमट हाय अजून," ती म्हणाली.