शेवटची गाठ बसेपर्यंत

नीलव्वाच्या हातात दोरा असला की तिला काही सांगायची सोय नव्हती. दारात कोणी येवो, मूल रडो, शेगडीवरचं दूध उतू जावो, ती मान वर करत नसे. "गाठ बसू द्या," एवढंच म्हणायची. शेवटची गाठ बसली की उरलेला दोरा दातांनी तोडायची आणि म्हणायची, "आय्तु." कानडीत याचा अर्थ 'झालं'. मग हसून विचारायची, "हां, आता बोला. काय जळालं?"

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, मण्यांच्या माळा करायला तू कुठे शिकलीस? फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

दुष्काळ नुकताच सरला होता, तेव्हाची गोष्ट. सोलापुरात साखर पेठेत आम्ही भाड्याने राहत होतो. आजोबा बँकेत, तुमची आई रांगती, आणि मी इंग्रजी घेऊन बी.ए. होऊन घरात बसलेली. मागच्या खोलीत नीलव्वा एकटी राहायची. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे मराठी बोलता बोलता कानडीत शिरायची. उंच, सावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पेठेतल्या लग्नांची मंगळसूत्रं तीच ओवायची. त्यावरच तिचं घर चालायचं.

मलाही काहीतरी करावंसं वाटलं. बाजारातून रंगीत काचमणी आणले, आकाराप्रमाणे निवडून औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरले, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि तिला बोलावलं. ती बाटल्यांकडे बघत राहिली.

"बाई, मणी हायत हे. साळंतली पोरं न्हाईत, रांगंत बसवायला."

तिने सगळ्या बाटल्या एका जाड टॉवेलच्या तुकड्यावर ओतल्या. शेजारच्या गल्लीतल्या मागांवरून असले वाया गेलेले तुकडे ती मागून आणायची. फरशीवर मणी पळतो, टॉवेलच्या लवेत बसून राहतो, हे मला तेव्हा कळलं. दोऱ्याला मेण चोळायचं, सुईने मणी टिपायचा, हाताने नाही. आणि पहिल्या मण्यातून दोरा दोनदा फिरवायचा, म्हणजे मागून येणारे मणी घसरून पडत नाहीत.

"ह्याला राखणीला बसवायचं," ती म्हणाली. "ह्यो उठला की समदी गेली."

माझी पहिली माळ काठीसारखी ताठ झाली. तिने ती एका टोकाला धरून काठीसारखी उभी केली आणि पोट धरून हसली. "लई ताणलंय की! बाई, गळा हाय त्यो, खुंटी न्हाई."

तिच्या नवऱ्याविषयी मी बरेच दिवस विचारलं नाही. पुढे तिनेच सांगितलं. दुष्काळात तो विहिरी खणणाऱ्या टोळीबरोबर कर्नाटकात गेला. टोळी परत आली, तो आला नाही. कोणी म्हणालं रायचूरला दिसला, कोणी म्हणालं आजारी होता, मागे राहिला. आजोबांनी पोलिसांत कळवू या असं सुचवलं, तेव्हा ती सुई खाली ठेवून उठलीच.

"नको साहेब. बातमी आली म्हंजे काहीतरी संपतंय. न्हाई आली तर मी हाय तशी हाय की."

तेव्हापासून मला एक सवय लागली. मागच्या बोळात पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की मी तिच्या तोंडाकडे बघायची. तिची सुई थांबत नसे, पण ओठ मिटलेले असत, आणि सायकल पुढे गेली की ते सुटत.

पेठेत बोलणं सुरू झालं ते एका लग्नानंतर. तिने ओवलेलं मंगळसूत्र घातलेल्या एका मुलीचा नवरा महिन्याभरात स्कूटरवरून पडला. पाय मोडला, एवढंच. पण आमच्या घरमालकीणकाकू पाण्याच्या नळावर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिचा स्वतःचा आहे की नाही तेच ठाऊक नाही, आणि ही दुसऱ्यांचे काळे मणी ओवते! हे काम सवाष्णीचं."

नीलव्वा हंडा भरत होती. "काकू, मंगळसूत्र मी ओवलं. स्कूटर न्हाई ओवली की!"

बायका हसल्या. काकू हसल्या नाहीत. त्यानंतर तिच्याकडे एकेक घर येईनासं झालं. लग्नसराई असून तिच्या टॉवेलवर काळा मणी दिसेना. बारशाच्या मनगट्या, दाराची तोरणं, असलं किरकोळ काम तेवढं राहिलं. ती पूर्वीसारखीच बोलायची, पण रोज सकाळी कुंकू लावताना आरशासमोर जास्त वेळ उभी राहायची. ती सवाष्ण की विधवा, हे आता बोळाच्या तोंडाशी कोण काय बातमी घेऊन येतं यावर ठरणार होतं.

अशात एका दुपारी तुमच्या आईने माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढलं आणि मणी घरभर झाले. मी शिकलेली, असल्या गोष्टी न मानणारी. तरी पहिल्यांदा धावले ती हळदीचा डबा घ्यायला. दोरा हळदीत बुडवून गळ्यात बांधला आणि तुमच्या आईला कडेवर आणि मणी, वाट्या पदरात घेऊन नीलव्वाकडे निघाले. काकू जिन्यात होत्या. "तिच्याकडे नको हो," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हाला लहान मूल आहे." मी थांबले नाही, पाय मात्र जड झाले होते, खोटं कशाला सांगू.

नीलव्वाने माझ्या पदराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मलाच देताय?"

"मग कोणाला देऊ?"

तिने हात धुतले, टॉवेल झटकून अंथरला, पहिल्या मण्यातून दोरा दोनदा फिरवला. निम्म्याहून अधिक झालं असेल, तेव्हा दारात सावली पडली. तिचा धाकटा दीर होता, गावाकडचा. डोक्याचा पटका त्याने हातात धरला होता. मी "बसा, पाणी आणते" म्हटलं. त्याने मान हलवली. बसायलाही तो तयार नव्हता.

"वैनी..." तो म्हणाला.

"थांबा भावजी." तिने वर बघितलं नव्हतं. "गाठ बसू द्या."

"वैनी, रायचूरहून माणूस..."

"दुसऱ्याचं मंगळसूत्र हाय हातात. ही गाठ बसंपर्यंत एक शब्द काडू नका. आण हाय तुमाला, ह्या लेकराची."

माझ्या मांडीवर तुमची आई होती. दीर दाराला टेकून उभा राहिला आणि भिंतीकडे बघू लागला. मला म्हणावंसं वाटत होतं, नीलव्वा, असू दे, ठेव ते खाली. शेजारच्या गल्लीत माग खडखडत होते. ती एकेक मणी सुईवर घेत होती, नेहमीपेक्षा हळूही नाही, घाईनेही नाही. एक मणी निसटून टॉवेलवर पडला. तोही तिने शोधला आणि ओवला. वाट्या मध्यावर आणल्या, सराचे दोन्ही पदर जुळवून बघितले, गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली.

दातांनी दोरा तोडून ती म्हणाली, "आय्तु."

मग माझ्या मागे येऊन तिने मंगळसूत्र माझ्या गळ्यात घातलं. हळदीचा दोरा सोडवून आपल्या मुठीत घेतला. पदर सारखा केला, कपाळावरचं कुंकू नीट आहे ना ते बोटाने चाचपलं आणि दाराकडे वळली.

"बोला भावजी. आता बोला."

नीलव्वाने पुन्हा काळ्या मण्यांना हात लावला नाही. रंगीत माळा मात्र ती शेवटपर्यंत करत राहिली, आणि तिच्याकडे येणाऱ्या मुलींना पहिला मणी राखणीला बसवायला शिकवत राहिली. तुमच्या आईच्या लग्नात मी मणी आणि सुई घेऊन तिच्याकडे गेले. म्हटलं, मी असलं काही मानत नाही, तूच ओवायचं. काकूंना भर नळावर उत्तर देणारी ती बाई. तिने माझा हात दोन्ही हातांनी मागे सारला.

"नको बाई. ही पोरगी माझी बी हाय."

शेवटी ओवायला मीच बसले. ती उंबऱ्याबाहेर, पाठमोरी बसून राहिली. किती मणी झाले, तिने विचारलं नाही. मी गाठ मारली, दोरा दातांनी तोडला, आणि मला शब्द सुचायच्या आत बाहेरून तिचा आवाज आला, "आय्तु?"

"आय्तु," मी म्हटलं. मग ती आत आली.