गेरूचे आकडे

जिल्दसाज करीमचाचा वारल्याची बातमी मला टपालाच्या मोटारीच्या ड्रायव्हरने दिली. मी तेव्हा देगलूरच्या पोस्टात मास्तर होतो. चाचांच्या गावी, मुखेडला पोचलो तर मयतीहून माणसं परतत होती, आणि सगळ्यांत पुढे, रुमालाने डोळे पुसत, रस्त्याची कंत्राटं घेणारा गुत्तेदार. "मास्तर, लई मोठा माणूस गेला," तो म्हणाला.  त्याला दीड महिना झाला. उत्तर आज देतो आहे.

चाचा मठातल्या पोथ्या आणि मशिदीतल्या किताबा सारख्याच मायेने बांधत. पावसाळा सरला की त्यांना ऊन दाखवायचं, कसर लागू नये म्हणून बासनात वेखंड ठेवायचं, हा त्यांचा नेम. गावाबाहेरच्या जुन्या बारवेच्या सांध्यांत उगवलेली पिंपळाची रोपंही तेच उपटत. "आज बोटाएवढं हाय, उद्या भिंत फोडतंय." कोणती पायरी खचली, कोणतं शिल्प सुटलं, याची यादी मी, तेव्हा मुखेडचाच पोस्टमास्तर, ठेवी.

मग एका वर्षी ओढ्याला पूर आला आणि बारवेची पूर्वेची बाजू ढासळली. अकरा कोरीव दगड चिखलात पडले. ते पुन्हा जागेवर बसवता यावेत म्हणून मी त्यांच्यावर गेरूने आकडे घातले. चाचांनी अडवलं होतं. "मास्तर, दगडावर नको. कागद कशाला हाय?" मी ऐकलं नाही. त्यांनी मात्र प्रत्येक दगडावर ओला कागद बसवून, वरून शाईचा बोळा थापून ठसे घेतले.

आठवड्याने पाहतो तो अकराही दगड गायब. बिनआकड्याचे साधे दगड सगळे जागच्या जागी. रस्त्याचं काम घेतलेल्या याच गुत्तेदाराने गाड्या लावल्या होत्या. "खाणीत गेरू लावलेला दगड उचलायचा असतो, मास्तर. तुम्हीच तर निवडून ठेवले!" तो हसला आणि विडा पुढे केला. दहा दगड फुटून रस्त्यात गेले. सात नंबरचा, जोडहंसांचा, त्याच्या नव्या घराची पायरी झाला. डाव्या हंसाची चोच तुटलेली, तीही तशीच.

तहसीलीत आम्ही ठसा दाखवला. अंमलदार म्हणाले, असा कागद कुणीही रंगवील. बाहेर आल्यावर चाचांनी ठसा पुन्हा उलगडून माझ्यासमोर धरला. "मेरा ठसा झूठा?"

"चाचा, चूक माझी."

"हाव, तुमचीच. पण चोर तो हाय. दोन्ही यादीत लिहा."

शेवटच्या भेटीत खोकल्याने त्यांना बोलवत नव्हतं. त्यांनी ठशांची गुंडाळी माझ्याकडे सरकवली. हंस बारवेत परत गेलेला त्यांना पाहायचा होता. ते राहिलं, आणि ते मी माफ करणार नाही. स्वतःलाही नाही.

चाचांचं दुकान गुत्तेदाराच्या दारासमोरच आहे. त्यांच्या लेकीने मला किल्ली दिली. मी बदली मागून मुखेडला आलो, चाचांच्याच खळीने अकराही ठसे दुकानाच्या फळ्यांवर डकवले, खाली यादी लावली. नंबर, शिल्प, कुणी नेलं. सात नंबर बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर येईल असा. बाजाराच्या दिवशी माणसं आधी ठसा बघतात, मग वळून पायरी. तुटकी चोच पोरांनासुद्धा सापडते.

परवा त्याने पायरीवर गोणपाट टाकलं. मी यादीत तेही लिहिलं.