देवीचं पातळ

जुन्या जालन्यातला आमचा रस्ता गाड्यांना बंद करायचं ठरलं तेव्हा मी विरोध केला नव्हता. हे आधीच लिहिते, कारण राग मला माझाही आहे.

वेशीपासून आमच्या कापडाच्या दुकानापर्यंत पाय ठेवायला जागा नसायची. पालिकेच्या बैठकीत मी आठ मुद्द्यांची यादी दिली. सावली, बाकं, पिण्याचं पाणी, बायकांसाठी मुतारी असं बरंच काही. आणि सगळ्यात वर, लाल शाईनं: लग्नसराईत बस्त्याच्या गाड्या सकाळी आत सोडा. साहेब म्हणाले, "किती व्यवस्थित लिहिता हो मॅडम!" शिक्काही मारला. मग आलं काय? बाकं, कुंड्या आणि वेशीत लोखंडी खांब.

बस्ता म्हणजे पिशवीतून आणायची भाजी नव्हे. दोन्हीकडची माणसं जीप भरून येतात, दिवसभर गादीवर बसतात, नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत सगळं एकाच दुकानात घेतात. पहिलं पातळ कुलदेवीचं, ते घरातल्या थोरल्या बाईनं निवडायचं. त्या बाईचे गुडघे कधीच गेलेले असतात. साहेबांना हे तीनदा सांगितलं. उत्तर काय, तर "चालणं तब्येतीला चांगलं."

शेजारचे बांगडीवाले चाचा म्हणायचे, "बाई, आता कुंड्याच विकू. गिऱ्हाईक न्हाई, पण माल बराबर दारात हाय."

धावडा गावातल्या एका घराचे बस्ते माझ्या सासऱ्यांपासून आमच्याकडे. यंदा त्या घरच्या आजींच्या नातीचं लग्न. हा बस्ता जाऊ द्यायचा नाही, म्हणून त्या सकाळी मी गाडीच्या परवानगीसाठी कचेरीत जाऊन बसले. त्यांना दुपारी बोलावलं होतं. ते दहालाच आले. रखवालदारानं जीप वेशीत अडवली. साहेब मीटिंगमध्ये, मी बाकावर, फोन पर्समध्ये मुका. दुपार टळल्यावर परवानगीविनाच बाहेर पडून पाहिलं तर सात मिस्ड कॉल.

लगेच फोन लावला. आजींनीच घेतला. "सूनबाई, लई वाट पाह्यली गं. मंग पोरं म्हणली, बायपासला चला, तिथं गाडी थेट दारात लागती."

"आजी, हातगाडीवर बसवून आणलं असतं मी तुम्हाला!"

"मी काय कापसाची गाठ हाय का?" त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "बस्ता झाला गं. पण देवीचं पातळ तिथं घेतलं न्हाई. ते तुझ्याच दुकानचं पाहिजे. हिरवं, लाल काठाचं. आम्ही वेशीत थांबतो."

दुकानात जाऊन पातळ काढलं, घडी मोडली, तपासलं, पुन्हा घातली. दोन्ही हातांवर धरून निघाले. इतका स्वच्छ, इतका रिकामा रस्ता मी जन्मात पाहिला नव्हता. एका बाकावर कुत्रं झोपलं होतं.

जीपच्या टपावर दुसऱ्या दुकानाची गाठोडी दोरीनं आवळून बांधलेली. आजींनी पातळ कपाळाला लावलं, माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं. "रस्ता मातर चांगला केलाय गं. मंग कुणी चालत कसं न्हाई?"

जीप गेली. कचेरी बंद व्हायला अजून तासभर होता. शिक्क्याची यादी पर्समध्येच होती. मी दुकानाकडे वळले नाही, कचेरीकडे निघाले. या खेपेला बाकावर बसणार नव्हते.