वाळवंटाची तालीम

भीती तुम्हाआम्हाला वाटते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या दादांना ती येत असे, एखाद्याला पेटी यावी तशी; रोज रियाज करून कमावलेली. आणि ती त्यांनी सिंगापुरात कमावली, याचं मला जास्त कौतुक. या देशात हरवलेलं पाकीट आतल्या नोटांसकट घरी येतं, बायका अपरात्री एकट्या फिरतात, रस्त्यावर कुत्रंसुद्धा मालकाला विचारून भुंकतं. इथे घाबरायचं ठरवलं तर माणसाला हिंडून कारण शोधावं लागेल. दादांना घरबसल्या सापडायचं. ते आणि वहिनी टॅम्पिनीसमध्ये आमच्याच ब्लॉकमध्ये, बरोब्बर आमच्या डोक्यावर भाड्याने राहत. दादा मूळचे पुण्याचे, कारखान्यातले इंजिनिअर, आता साठीला टेकलेले. फ्लॅट बघायला आले तेव्हा त्यांनी म्हणे ना उजेड पाहिला ना वारा, सरळ बॉम्ब शेल्टरमध्ये शिरले. इथल्या बऱ्याच फ्लॅटांत जाड भिंतींची आणि लोखंडी दाराची एक बोळकांडी खोली असते, युद्धबिद्ध झालं तर लपायला. बाकी सगळं गाव तिच्यात सुटकेसा, मोडके पंखे आणि तांदळाची पोती कोंबतं. दादांनी ती रिकामी ठेवली होती. आत दोन खुर्च्या, पाण्याचा कॅन आणि वहिनींची शाल. "उद्या बॉम्ब पडायला लागले तर तुम्ही काय पोत्यावर बसणार?" असं त्यांनी मला इतक्या काळजीने विचारलं की मी घरी येऊन खरंच पोतं हलवायला लागलो. आमच्या हिने वेळीच हात धरला म्हणून बरं.

या भीतीवर दादांकडे एकच औषध होतं, तालीम. पुण्यात असताना कारखान्याच्या हौशी नाटकांत ते वर्षानुवर्षं प्रॉम्प्टर होते. रंगमंचावर कधी पाऊल टाकलं नाही, छातीच नव्हती. पण विंगेत उभं राहून भल्याभल्यांची अडलेली वाक्यं त्यांनी तारून नेली. त्यातून त्यांचं ठाम मत झालं की जगात जे जे बिघडतं ते तालीम न केल्यामुळे बिघडतं. त्यामुळे दाढ काढायची असेल तर दादा आदल्या दिवशी दवाखान्यापर्यंत जाऊन, खुर्चीकडे लांबून पाहून येत. लिफ्ट अडकली तर काय करायचं याची तालीम एकदा त्यांनी लिफ्टमध्येच घेतली. धोक्याची घंटा खरीच दाबली गेली, आणि खाली जमलेल्या लोकांची माफी मागताना मात्र त्यांची त-त-प-प झाली, कारण माफीची तालीम राहून गेली होती. सरकार अधूनमधून भोंग्याची चाचणी घ्यायचं तेव्हा बाकीचे लोक नूडल्स खात असायचे आणि दादा शेल्टरमध्ये, पायात बूट घालून, पासपोर्ट मांडीवर घेऊन बसलेले असायचे. मी हसायचो. माझा स्वभावच थोडा कुचकट. "दादा, आज बॉम्ब बेताचेच पडले का?" असं मी जिन्यात विचारायचो, आणि ते रागवायचे नाहीत, हेच मला लागायचं.

या सगळ्याचं मूळ वहिनींच्या छातीत होतं, हे मला हळूहळू कळलं. वहिनींना लग्नाच्या आधीपासून दमा. त्यांचं वाक्य मध्येच तुटायचं, आणि दादा सवयीने उरलेलं पुरवायचे. "भाऊजी, चहात साखर..." "कमी घालू का," दादा पेपरातून मान वर न करता म्हणत. बहुतेक वेळा बरोबर यायचं. चुकलं की वहिनी हात हलवून श्वास गोळा करत आणि म्हणत, "अहो, संपलीय म्हणत होते." आणि झोपेचा प्रकार त्याहून अजब. "हिच्या छातीतली शिट्टी ऐकू आली की मी झोपतो," दादा मला एकदा म्हणाले. "शिट्टी चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे." बायकोच्या दम्याची अंगाई करणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही.

मग त्या वर्षी धूर आला. समुद्रापलीकडे जंगलं जळत होती आणि त्यांचा धूर आमच्या डोक्यावर येऊन बसला. समोरचा ब्लॉक दिसेना, खिडक्या बंद, लोक तोंडाला मास्क लावून एमआरटीच्या गाड्यांत. वहिनींची शिट्टी आता खाली आमच्याकडेही ऐकू येते असा मला भास व्हायचा. नोव्हेनाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी औषधं बदलली आणि जाता जाता म्हणाल्या की कोरड्या हवेत कदाचित बरं वाटेल, खात्री नाही. दादांची मुलगी अमेरिकेत, ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या एका खेड्यात शाळेत शिकवते, नवरा तिथलाच. तिने तर दोघांच्या तिकडे राहायचे कागद केव्हाच करून ठेवले होते. तिच्या घराजवळ एक छोटं घर रिकामं झालं होतं. "बाबा, तुमच्या त्या फ्लॅटच्या भाड्यात इथे अंगणासकट घर येतं," ती म्हणाली, "आणि शांतता फुकट." दादांनी मला हे सांगितलं आणि पुढे म्हणाले, "फुकट म्हटलं की मला जास्त भीती वाटते."

भीती वाटायला तिकडे सामग्रीही भरपूर होती. विंचू, उन्हाळा, दिवसा तापणारी आणि रात्री गारठणारी वाळू, आणि खुळखुळ्या शेपटीचा साप. हा साप चावण्याआधी शेपटी वाजवतो आणि ती ऐकताच माणसाने आहे तिथे पुतळा व्हायचं असतं, एवढं दादांनी वाचून काढलं. झालं, मला सापाची भूमिका मिळाली. दर रविवारी सकाळी आम्ही ईस्ट कोस्टला समुद्राकाठी जायचो. दादा पुढे चालायचे आणि मी वाळके वाटाणे भरलेला बोर्नव्हिटाचा डबा घेऊन मागून झाडाआड यायचो. डबा वाजला की दादा थिजायचे. सुरुवातीला तर त्यांनी दोन वेळा सरळ पळ काढला. मग जमायला लागलं, इतकं की एकदा सायकलींच्या वाटेवर मधोमध एक पाय उचललेल्या अवस्थेत ते उभे राहिले आणि मागे सायकलवाल्यांची रांग लागली. व्यायाम करणारी एक चिनी आजी जवळ आली. "अंकल, यू ओके ऑर नॉट?" दादा ओठ न हलवता म्हणाले, "स्नेक." आजीने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि "आयो" म्हणून निघून गेली. मी हसून हसून वाळूत बसलो. दादांना घाम फुटला होता, आणि तो उन्हाचा नव्हता.

पण साप हे वरवरचं होतं. खरी भीती त्यांनी मला परत येताना बसमध्ये सांगितली. "इथे नंबर फिरवला की ॲम्ब्युलन्स दारात. तिकडे हॉस्पिटल गाडीने तासाभरावर आहे, आणि मध्ये एक दिवा नाही. तिथल्या हवेत हिचा श्वास मोकळा होईलही. पण नाही झाला, तर रस्त्यात मी एकटा." मांडीवरचा वाटाण्यांचा डबा बसच्या हिसक्यांनी वाजत होता, तो मी घट्ट धरला. अर्थात दादांनी याचीही तालीम काढली. एका रविवारी त्यांनी सोफ्याची गाडी केली. स्वतः पुढे खुर्चीवर, हातात स्टीलचं ताट स्टिअरिंग म्हणून, मागे सोफ्यावर वहिनी, औषधाची वाफ देणारं मशीन मांडीवर. तासभर कोणी उतरायचं नाही. मी शेजारच्या खुर्चीवर, रस्ता दाखवायला. वहिनी हसत होत्या. "अहो, जरा... हळू चालवा," त्या म्हणाल्या, आणि दादांनी ताट खरंच सावकाश वळवलं.

हसता हसता वहिनींचं हसणं थांबलं. आधी मला वाटलं तालमीतलंच आहे. मग त्यांच्या ओठांचा रंग दिसला. खोटं कशाला सांगू, मी त्या खोट्या गाडीत खिळून बसलो, साप वाजल्यासारखा. दादांनी ताट खाली ठेवलं. मशीन लावलं, नंबर फिरवला, ब्लॉक, मजला, सगळं एकदाही न अडखळता सांगितलं, आणि वहिनींपुढे जमिनीवर बसले. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विंगेतल्या आवाजात बोलायला लागले, "घे... हळू... आता सोड... घे." वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या आणि ते सांगतील तेवढाच श्वास घेत होत्या. ॲम्ब्युलन्सवाले वर येईपर्यंत त्या माणसाची लय चुकली नाही. वहिनींना घेऊन गेले तेव्हा दादा लिफ्टपाशी माझा आधार धरून म्हणाले, "मला चपला सापडत नाहीयेत रे." चपला त्यांच्या पायातच होत्या.

दवाखान्यातून घरी आल्यावर दादांनी जाहीर केलं की जायचं नाही. इथे धूर असला तरी ॲम्ब्युलन्स आहे. मी मान डोलावली. मलाही आता तेच वाटत होतं, त्या दिवसापासून मला फोनची रिंग वाजली तरी दचकायला व्हायचं. वहिनी कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आपण जायचं. मला एकदा... पूर्ण वाक्य..."

"बोलायचंय," दादा म्हणाले. आपणच काय बोललो ते त्यांना मग ऐकू आलं असावं. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभे राहिले.

निरोपाचीसुद्धा तालीम झाली, हे सांगायला नकोच. निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही सगळे रिकाम्या बॅगा घेऊन चांगी विमानतळावर गेलो. दादांनी वहिनींना हात धरून पुढे नेलं, काचेपाशी वळून हात हलवला, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, आमची ही आधी रडली, मग वहिनी, मग मी, भर रविवारी, रिकाम्या बॅगांच्या साक्षीने. तिथूनच सगळ्यांनी टॅक्सी करून घरी येऊन पिठलं-भात खाल्ला. खरं निघायच्या दिवशी कुणाच्या डोळ्यांत टिपूस नाही. दादा काचेपाशी घुटमळले, हिरमुसले. "रविवारी छान झालं होतं," म्हणाले, आणि गेले.

तिकडून फोन यायचे. साप अजून भेटला नव्हता. पोस्ट, एक दुकान, एक पेट्रोल पंप, की गाव संपलं. रस्त्यात समोरून गाडी आली की आतला माणूस हात हलवतो, ओळख ना पाळख, त्याची दादांना दहशत बसली होती. तेही घाबरून हात हलवत. वहिनींबद्दल विचारलं की "बरी आहे" एवढंच म्हणत, आणि तेही दबक्या आवाजात, कोणी ऐकेल आणि बिघडवेल असं.

मग एका शनिवारी दुपारी फोन आला. तिकडे तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. "दादा, काय झालं?"

"शिट्टी बंद झालीय," दादा कुजबुजले.

मला आधी कळेचना. मग ते सांगत गेले. कोरडी हवा वहिनींना मानवली होती. त्या आता आवाज न करता झोपत. आणि बाहेरही काही नाही, पंखा नाही, लिफ्ट नाही, बस नाही. दादांना जाग आली की काहीच ऐकू यायचं नाही. ते नाकाशी बोट धरून बघायचे, वहिनी दचकून उठायच्या आणि ओरडायच्या. कित्येक रात्री त्यांना मग पुन्हा झोपच लागली नव्हती. "माझे कान आता म्हातारे झालेत," ते म्हणाले. "तुझे चांगले आहेत. मी फोन हिच्या उशीशी ठेवतो. तू ऐक आणि मला सांग."

आमच्या डोक्यावर, दादांच्याच जुन्या फ्लॅटमध्ये, नव्या भाडेकरूंनी भिंतीला ड्रिल लावलं होतं. मी फोन घेऊन आमच्या बॉम्ब शेल्टरमध्ये शिरलो, दार ओढलं, रेंज जाऊ नये म्हणून बोटभर फट ठेवली, आणि तांदळाच्या पोत्यावर बसलो. फोन कानाला दाबून ऐकलं. काही नाही. नुसती खरखर, तीसुद्धा फोनची.

"येतोय का आवाज?" लांबून दादा.

"येतोय," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. चांगला लांब श्वास आहे. तुम्ही झोपा."

"ठेवू नकोस हं."

मी ठेवला नाही. बोलून तर गेलो होतो, आणि आता एकेक क्षण गेला तसा माझ्या मानेवर घाम यायला लागला. खरंच काही नसेल तर? मी आपलं नक्की म्हणून त्यांना झोपवलं, आणि पलीकडे खरंच काही नसेल तर? ऐकू यावं म्हणून मी माझाच श्वास रोखला. इतकं मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. मग घोरणं ऐकू आलं, ते दादांचं. आणि मग अगदी जवळून, हळू आवाजात, वहिनी.

"भाऊजी, झोपले बघा हे, आता तुम्ही फोन ठेवा आणि घरी ताईंना सांगा की इथे मेथी मिळत नाही म्हणून मी अंगणात पेरली होती ती उगवलीय, आणि यांची काळजी करू नका, रोज हे झोपले की मगच मी डोळे मिटते."

मी सवयीने थांबलो, मध्ये कुठेतरी वाक्य तुटेल आणि विंगेतून उरलेले शब्द येतील म्हणून. कुठे तुटलंच नव्हतं. पलीकडे प्रॉम्प्टर घोरत होता. मी "बरं वहिनी" म्हणालो, पण फोन लगेच ठेवला नाही. दादांचं घोरणं ऐकत मी बराच वेळ त्या पोत्यावर तसाच बसून राहिलो.