हुबळीकराचा अंगठा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या आत्याच्या दिरांचे, आणि आयुष्यात मी सगळ्यात जास्त जळलो तोही त्यांच्यामुळेच. बसवनगुडीत त्यांचा त्वचारोगांचा दवाखाना आहे. निपाणीजवळच्या गावातून मी शिकायला बेंगळुरूला आलो, तेव्हा दवाखान्यामागची खोली, जेवण आणि कॉलेजची फी, सगळं त्यांनीच दिलं. आमच्या घरात मी पहिला पदवीधर झालो तो त्यांच्या जिवावर. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, पायाची नखं राहतात. देवळात दर्शनाआधी ते चपला काढायच्या जागी रेंगाळतात. एकदा तिथे एका अनोळखी गृहस्थांना म्हणाले, "सर, स्वल्प, जरासा अंगठा दाखवा. नख जाड झालंय, कडेने पिवळं पडलंय. खालून भुगा निघतो ना?" गृहस्थ चिडले, पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हजर. मात्र पिवळं दिसलं की बुरशी, असं अण्णा कधीच म्हणत नाहीत. आधी नख खरवडायचं, तो चुरा तपासायला पाठवायचा, मगच औषध. "नुसतं बघून सांगायला मी ज्योतिषी आहे का?" असं ते दरडावतात.

माझ्या शेजारच्या खोलीत एक हुबळीचा मुलगा आला आणि माझं सुख संपलं. त्याच्या उजव्या अंगठ्याला खरोखरच बुरशी होती, तपासणीत सिद्ध झालेली. अण्णांनी रक्त तपासून, यकृत ठीक असल्याचं बघून त्याला गोळ्या सुरू केल्या, आणि रोज जेवताना चौकशी. "गोळी घेतलीस? बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्यास? कालचेच मोजे नाहीत ना?" मी समोरच भात कालवत असायचो. मला फक्त "ताक घे" म्हणायचे. लोक नातवंडांचे फोटो दाखवतात, तसे अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला मोबाइलवर त्या अंगठ्याचे फोटो दाखवत. "हे बघा, मुळाकडून कसं गुलाबी नख येतंय. घाई करून चालत नाही, पायाचं नख पूर्ण बदलायला वर्ष जातं, कधी जास्तही." माझा निकाल लागला तेव्हा पेढे अण्णांच्या बायकोने, काकूंनी आणले. हुबळीकराचं नख स्वच्छ झालं तेव्हा अण्णा स्वतः जाऊन म्हैसूरपाक घेऊन आले.

नोकरी लागल्यावर माझ्याही अंगठ्याचं नख काळंपिवळं पडलं. काकूंना वाईट वाटलं. मी मात्र बसमधून उतरून जवळजवळ पळतच दवाखान्यात गेलो. अण्णांनी भिंगातून बघितलं, दाबलं, खरवडलं. अहवाल येईपर्यंत मी खुशीत होतो.

"बुरशी नाही. ऑफिसचा बूट तोकडा आहे तुझा. नख पुढे आपटतंय."

"अण्णा, पुन्हा एकदा तपासा ना."

"अरे, आजार नाही म्हणून तोंड पाडणारा पेशंट मी पहिल्यांदाच बघतोय. अर्धा नंबर मोठा बूट घे जा. सरी? कळलं ना?"

आणि त्यांनी पुढच्याला आत बोलावलं.

आता माझं लग्न ठरलं आहे. अण्णा दवाखाना सोडून कुठे जात नाहीत, असं सगळे सांगतात. पण हुबळीकराच्या घराच्या वास्तुशांतीला ते गेले होते, नवं नख चालताना कसं दिसतं ते बघायला. आमचे बाबा म्हणतात, अण्णा आले नाहीत तर मांडवात वडीलधारं म्हणून बसवायचं कुणाला? फोनवर विषय काढला की अण्णा "बघू रे" म्हणून पायांची चौकशी करतात. दवाखान्यात समोरासमोर बोलायला गेलो तर विषय न काढताच परत येतो. म्हणून काल पत्र टाकलं.

"तीर्थस्वरूप अण्णांस, शिरसाष्टांग नमस्कार. लग्न निपाणीला आहे, पत्रिका सोबत जोडली आहे. गाडीने मी स्वतः न्यायला येईन. हुबळीकरालाही बोलावलं आहे, पण त्याच्यासाठी म्हणून येऊ नका. माझी नखं अगदी निरोगी आहेत, तुम्ही बघावं असं त्यांच्यात काही नाही. तरी या."